कच्चा टाका

तांदळाच्या गोणीवर मिळालेलं कुपन
सुपरमार्केटच्या पेटीत टाकलं होतं, एवढंच.
शुक्रवारी दुपारी फोन आला:
तिबिलिसी. तीन रात्री. दोघांसाठी.
मी म्हटलं, राँग नंबर.

शारजात चौदा वर्षं झाली.
रोलाच्या मागची गल्ली, दुकान नंबर नऊ,
शाळेचे गणवेश, कंदुऱ्याच्या बाह्या, पडद्यांच्या झालरी.
खोली ते दुकान तीनशे बारा पावलं,
उन्हाळ्यात सावली धरून गेलं तर तीनशे चाळीस.
समुद्र दोनदा पाहिला,
दोन्ही वेळा कुणाला तरी सोडायला जाताना.
गावी म्हणतात, तो परदेशात असतो.
असतो खरा.

फॉर्मवर रकाना होता: भेटीचा उद्देश.
हात सवयीने नोकरीकडे वळला.
काउंटरवरची मुलगी म्हणाली, काका, पर्यटन.
तो शब्द मी फार सावकाश लिहिला,
नव्या कापडावर पहिली कात्री चालवावी तसा.

मालन फोनवर हसली. दोघांसाठी?
आधी माझा पासपोर्ट तर काढा.
मग थोडा वेळ बोललीच नाही.
मग म्हणाली, मोजे दोन जोड जास्त घ्या,
मेतकूट डब्यात नको, पिशवीत बांधा,
आणि तिकडे बायकांचे गळे कसे शिवतात ते बघून या.

दुसरं तिकीट मी गुल रहमानला देणार होतो.
वरच्या बंकवर झोपतो, चित्रालचा आहे.
त्याचा पासपोर्ट अरबाबच्या कपाटात,
कपाटाची चावी अरबाबपाशी,
आणि अरबाब लंडनला.
तो काहीच बोलला नाही.
बंकखालून पत्र्याची ट्रंक ओढली,
तिच्या तळातून कोट काढला,
जाड, तपकिरी, डांबरगोळ्यांच्या वासाचा.
जानेवारीत विमानातून उतरलो तेव्हा अंगात होता, म्हणाला,
अकरा वर्षांत दुसऱ्यांदा घातला नाही.
मला नाही तर नाही, याला तरी ने.

रात्री दुकानात कोट उलटा करून बसलो.
कुणा गावच्या शिंप्याचं काम, मशीनचं नव्हे, हाताचं.
काखेत दुहेरी टीप, अस्तराला जुनी रजई,
कॉलरमागे निळा दोरा,
तपकिरी संपला असणार, किंवा दिवा गेला असणार.
न भेटता ओळख झाली माणसाची.
बाह्या मला चार बोटं लांब.
कापायला कात्री उचलली, ठेवून दिली.
आत दुमडून कच्चा टाका घातला,
परत आल्यावर एका ओढीत उसवेल असा.

खिशात एक अक्रोड सापडला.
हलवला तर आत काहीतरी खुळखुळलं.
गुल रहमान म्हणाला, राहू दे तिथेच,
त्यालाही थोडी थंडी लागू दे.

दोन शब्द पाठ केलेत.
नमस्काराला गमर्जोबा, आभाराला मदलोबा.
खंडोबा-ज्योतिबाचे दूरचे चुलते वाटतात,
त्यामुळे विसरणार नाही.
इस्त्री फिरवताना पुटपुटतो.
गिऱ्हाईक विचारतं, मला काही म्हणालात?

फक्त एक उत्तर अजून जमत नाही.
तिथला अधिकारी विचारेल, कशाला आलात?
बघायला.
काय?
इथे अडकतो.
चौदा वर्षांत कुणी मला असं विचारलं नाही,
आणि मीही.

उद्या पहाटेचं विमान.
सगळे झोपल्यावर एसी सोळावर आणला,
कोट घातला, बटणं गळ्यापर्यंत लावली,
बॅग हातात धरून अगदी झोताखाली उभा राहिलो.
खिशात अक्रोड. नाकात डांबरगोळी.
अंधाराला हळूच म्हणालो, गमर्जोबा.

वरच्या बंकवरून झोपेतला आवाज आला:
कोण आलंय?
आत घ्या त्याला. दार लावा,
बर्फ आत येतंय.