डावा प्रेस

जोमादादाने पहिल्याच दिवशी
सिंकच्या बटणावर चिकटपट्टी मारली,
जखमेला लावतात ती, कापडी,
आणि स्क्रीनला मिठाईच्या खोक्याचं झाकण टेकवलं.
आकडे गेले काजूकतलीच्या मागे.
"कानाव लक्ष ठेव गो," म्हणाला,
"डोले काय, डोले कुनालाबी फसवतान."

गोठिवलीतलं मांडववाल्याचं गोदाम.
सातशे लाल खुर्च्या, एकात एक.
कोपऱ्यात नवरानवरीचं मोडकं सिंहासन,
त्यावर बसून तो शेंगा फोडतो
आणि माझं चुकलं की फोडणं थांबवतो.
एवढंच त्याचं शिकवणं.

एका कानावर हेडफोन, दुसरा खोलीला मोकळा.
या कानात येणारं गाणं, त्या कानात चालू असलेलं.
किकवर किक बसली पाहिजे,
ताटावर ताट ठेवावं तशी, न वाजता.
माझी बसते. आठ मोजेपर्यंत बसते.
मग कडेने बारीक फट पडते,
धप्‌चं धपप् होतं,
धपप्‌चं धप-धप,
आणि बघता बघता सगळ्या खुर्च्यांमधून
नाल ठोकलेलं घोडं उधळतं.
"सुटला घोरा," दादा म्हणतो.

सुटलं ते कळतं.
पुढे कोण गेलं, ते कळत नाही.
दोन ठोके वेगळे झाले
की दोघंही निरागस चेहरा करून उभे.
मी स्लायडर वर ढकलते, बिघडतं.
खाली ओढते, जास्तच बिघडतं.
चकतीला बोट लावते, ते जरा जड पडतं,
गाणं जीभ चावल्यासारखं अडखळतं.
मार्च गेला, एप्रिल गेला. टरफलांचा ढीग.
माझा पायसुद्धा फितूर,
ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने हलतो.

एका रविवारी कंट्रोलर उसना घरी आणला.
जेवणाचं टेबल, एक डबडा स्पीकर,
समोर आप्पा भाकरी मोडत होते.
सत्तावीस वर्षं रबाळ्याला पॉवर प्रेसवर.
वॉशर पाडता पाडता
कानही तिथेच पाडून आले.
आमची मालिका अख्खा मजला ऐकतो.

मी जोडत होते, सुटत होतं.
त्यांनी तळहात टेबलावर पालथा ठेवला,
साडेतीन बोटांचा,
आणि घास गिळून म्हणाले,
"डावा प्रेस पळतोय."

डावा मागे घेतला. घोडं आणखी उधळलं.
मग लक्षात आलं,
समोर बसलेल्या माणसाचा डावा
म्हणजे माझा उजवा.
केसभर ओढला.
पेल्यातलं पाणी दुहेरी थरथरत होतं,
ते एकेरी झालं.

"कसं कळलं?" मी ओरडून विचारलं.
"शेजारी शेजारी चालले की
मधूनच एकत्र पडायचे. बरं वाटायचं तेवढं.
मग सुटायचे.
आपण आपला धरून बसायचं.
दुसरा लवकर येतो का उशिरा,
ते तोच सांगतो."
मग ठेचा मागितला.

मेमध्ये तळवलीला हळद होती.
दादाने मला अकरा मिनिटं दिली.
पट्टी काढली नाही.

मी चालू गाणं धरून बसले.
दुसरं आलं, जरासं आधी,
आणि पुन्हा, जरासं आधी,
जेवण तयार नसताना आलेल्या पाहुण्यासारखं.
त्याला हळूच दाराशी थांबवलं.
समोर नवरीची आत्या, पिवळीधमक, चपला काखेत.
तिच्या उजव्या टाचेवरून मी नजर काढली नाही.
गाणं बदललं.
टाच नाही बदलली.

बावीस ठोके. मोजलेत मी.
तेविसाव्याला कुठेतरी हलकासा नाल वाजला,
घाईने फेडर पलीकडे सारला
आणि मागे वळून पाहिलं.

दादा शेंग बोटांत धरून थांबला होता.

मग फोडली.