मटकीचा आठवडा

आई दर रविवारी फोनवर विचारते,
आज कसली गं शाळा?
सोळा वर्षं झाली, तरी तिला पटत नाही
की सोहारमध्ये आठवडा रविवारी सुरू होतो,
आणि माझा तर बुटांपासून:
एकोणीस मुलं, अडतीस बूट,
निम्मे उलट पायांत.

या रविवारी मटकी.
कागदी पेले, ओला कापूस, प्रत्येकाला पाच दाणे.
यासीनने दोन खाल्ले.
एक शैमाच्या नाकात गेला,
तो रोवेनाने शिंक आणवून काढला.
पेले खिडकीत मांडले, एसीच्या झोतापासून लांब.
अझ्झानने आपला पेला दोन्ही हातांनी नेला,
काठोकाठ भरलेली कळशी न्यावी तसा.
अझ्झान बोलत नाही.
सप्टेंबरपासून नाही.
घरी बोलतो, त्याची आई सांगते,
मांजराशी तर फारच.

सोमवार पिवळा होता.
पिवळे मोजे, पिवळे फुगे, पिवळी बोटं,
ती कुठल्या भिंतीला पुसली गेली ते मी पाहिलं नाही.
तसनीम निळ्यात आली.
पिवळा फ्रॉक बॅगेत, अगदी तळाला.
बाबांचं काम संपलं, म्हणजे व्हिसा संपला.
ती मात्र सगळ्यांना सांगत फिरत होती,
विमानात ज्यूस फुकट असतो.
तिच्या खुंटीवरचं हत्तीचं चित्र
मी दुपारी काढायला गेले
आणि बोटाने नीट चिकटवून आले.

मंगळवारी धूळ. समोरची मशीद दिसेना.
नऊच मुलं आली.

(रमझान आहे. रोवेना आणि मी
भांडारात, रंगांच्या डब्यांमागे उभ्या राहून
अर्धं अर्धं केळं खातो,
चोरून चिंचा खाणाऱ्या मुलींसारख्या.)

बुधवारी मी स्टुलावर चढून
कागदी चंद्र टांगत होते.
मागून आवाज आला:
अगोबाई!
माझाच आवाज, पण लहान,
'गो' माझ्यासारखाच लांबवलेला.
वळून पाहिलं तर अझ्झान,
पेल्यात नाक घालून उभा,
आणि आत पाच पांढऱ्या शेपट्या.

वर्षभर हा शब्द माझ्या तोंडून सांडत होता,
सांडलेल्या रंगावर, सुटलेल्या नाडीवर,
आणि कुणीतरी तो वेचून ठेवत होतं.
मी स्टुलावरून उतरले नाही. भीती वाटली,
उतरले तर तो शब्द गिळून टाकील.

दुपारपर्यंत सगळा वर्ग म्हणायला लागला.
डबा उघडला, अगोबाई.
शिंक आली, अगोबाई.
मुख्याध्यापिका दारात आल्या, तर त्यांनाही.

गुरुवारी करनकशो.
मुली जरीच्या झग्यात, मुलगे भरतकामाच्या टोपीत,
गळ्यात कापडी पिशव्या.
अझ्झानचे आजोबा शिंपल्यांचं पोतं घेऊन आले,
तळहातांवर जाळ्याच्या दोरीचे जुने वळ.
त्यांनी एकेका मुलासमोर बसून दाखवलं,
शिंपला शिंपल्यावर कसा वाजवायचा:
जोरात नाही, कानाजवळ.
मग वर्गभर खडखडाट, बदाम, गोळ्या,
आणि यासीनची पिशवी दोनदा रिकामी.

निघताना त्यांनी नसरा मॅडमकरवी विचारलं,
पोरगा रात्रभर मांजराला काय म्हणत होता?
म्हटलं, आश्चर्य वाटलं की म्हणतात.
मग म्हटलं, काळजी वाटली की सुद्धा.
मग अजून काही सांगायचं होतं,
पण माझी अरबी तिथेच संपते.
ते हसले. स्वतःशी एकदा म्हणून पाहिलं.
'ब'वर अडखळले.

सगळ्यांनी पेले घरी नेले. एक उरला.
तो बसमधून मांडीवर आणला.
तीनच मोड. उसळीला म्हणावं तर चमचाभरसुद्धा नाही,
आणि उसळ करणार तरी कोण?
कापूस ओला ठेवते आहे.
नाव अजून वाचता येतं.