शिट्टी

आधी पोरं हसायची.
रात्री दिवा मालवला की ह्यांच्या नाकातून
बारीक शिट्टी वाजायची.
"अण्णांचा कुकर झाला," धाकटी म्हणायची
आणि हेही हसायचे.

भोसरीत, सेक्टर सातच्या मागच्या गल्लीत
सात वर्षं नळांना चकाकी चढवली ह्यांनी.
क्रोमची टाकी. वरचा पंखा
तपासणीवाले यायचे त्या दिवशीच फिरायचा.
तोंडाला फडकं, माझ्याच जुन्या पातळाचं.
बोटांना बारीक भोकं पडत, न दुखणारी.
त्यांना हे 'डोळे' म्हणत.

मग एकदा आमटी करपली.
घरभर धूर, आणि हे चुलीशेजारीच
पेपर वाचत बसलेले.
"वास नाही आला?"
"कसला?"

डॉक्टरीणबाईंनी डाव्या नाकपुडीत बॅटरी धरली
आणि मला उजवीतून उजेड दिसला.

मोहननगरच्या दवाखान्यात, खिडकीतला मुलगा
चांगला होता बिचारा.
"आजार यादीत आहे, मावशी.
दर महिन्याला पैसे मिळू शकतात.
फक्त हे तिथं कामाला होते, याचा कागद आणा."
कार्डावर शेवटचे चार महिने.
त्याआधी ठेकेदार ओम साई होता, मग श्री साई,
मग नुसताच साई.
टाकी तीच.

यादीत आहे.
बसमध्ये तेवढंच घोळत राहिलं डोक्यात.
म्हणजे आमच्याआधी कुणाच्या तरी नाकातून
कुणीतरी उजेड पाहिला होता,
त्याला नाव दिलं, नंबर दिला,
आणि गल्लीत कुणालाच सांगितलं नाही.

ट्रंक उपसली. पिवळी पडलेली फडकी,
दिवाळीच्या मिठाईचा रिकामा पुडा, एक पगाराची चिठ्ठी, सहीविना.
आणि तळाशी खंडेनवमीचा फोटो:
टाकीला झेंडूचा हार, मालक, ठेकेदार,
कडेला हे, कपाळाला गुलाल.
कोपऱ्यात लाल आकड्यांत तारीख.
पाच वर्षांपूर्वीची.

मुलानं झेरॉक्स काढून घेतली.
"बोर्डापुढे ठेवू," म्हणाला. "ते टक्के ठरवतील."
वासाचे टक्के कसे ठरवतात
विचारायचं राहून गेलं.

बोर्डाची तारीख पुढं गेली आहे, दोनदा.
हे आता रिकाम्या डब्यासमोर बसून
मसाला हुंगतात, बघतात, ठेवून देतात.
पोरं हसत नाहीत.
शिट्टी थांबली की
मी उठून बसते.