निवू दे

द्राक्षांचा हंगाम लागला की
साडेपाचला म्हसरूळच्या नाक्यावर गाडी येते.
ड्रायव्हर हॉर्न वाजवत नाही,
नुसता लाइट मारतो आमच्या खिडकीवर,
आणि मी अर्धी वेणी हातात धरून जिना उतरते.

म्हणून रविवारी दुपारी
ओटा माझ्या ताब्यात.
पेठ रोडच्या बेकरीतल्या चार लाद्या, चोवीस पाव,
दोन डझन अंडी, कोथिंबीर, कांदा,
शेंगदाण्याची कोरडी चटणी लोण्यात कालवलेली.
ओली चटणी नाही.
टोमॅटोला तर प्रवेशच नाही,
तो गारठ्यात रडतो आणि सगळ्यांना भिजवतो.

अंडी फेटून केकच्या पसरट भांड्यात ओतते,
झाकण ठेवते, मंद आच.
फुगून वर आलेला तो पिवळा गादीसारखा थर
सुरीने चौकोन चौकोन कापते.
शंतनू कडेचे तुकडे पळवतो. मैत्रेयी
चीजच्या स्लाइस मोजून देते, एक स्वतःला, एक मला.

आणि मग थांबायचं.
हेच कुणाला जमत नाही.

पॅकहाउसमध्ये नव्या पोरींना मी पहिल्या दिवशी सांगते,
घडाच्या पोटात रानातलं ऊन असतं,
ते आधी काढून घ्या, मग कोल्डमध्ये न्या.
घाई केली तर रॉटरडॅमला पेटी उघडेपर्यंत
मणी देठापाशी काळा.
पावाचंही तेच.
गरम गुंडाळला तर वाफ आत अडकते,
वाफेचं पाणी, पाण्याचा बर्फ,
आणि बुधवारी ताटलीत लगदा.

तर पंख्याखाली जुन्या साडीवर
चोवीस पाव उघडे पडलेले,
आणि आप्पा पेपराआडून म्हणाले,
"बर्फात ठेवलं म्हणून शिळं काही ताजं होत नाही."

नोटांच्या प्रेसमध्ये छत्तीस वर्षं काढलेला माणूस.
बोलणंही करकरीत, मोजून, एकही जास्त नाही.

मला उत्तर सुचलं होतं.
पण गरम होतं.
मी ते तसंच पंख्याखाली ठेवलं
आणि फॉइल फाडायला घेतली.

चिकटपट्टीवर मार्करने नावं:
शंतनू, मैत्रेयी, निनाद, मी.
शंतनूच्या नावाखाली रेघ, म्हणजे मिरची नाही.
निनाद सातपूरहून रात्रपाळी करून येतो,
तवा तापवतो, पाण्याचा हबका मारून झाकण घालतो,
पोरांना उठवतो.
तेव्हा मी मोहाडीत असते,
हातमोज्यात,
दुसऱ्याच कुणाच्या न्याहारीचे घड तोलत.

गुरुवारी रात्री मोजले. सात.
आठ हवे होते.
शंतनूने आईची शपथ घेतली, म्हणजे माझीच.
मैत्रेयी म्हणाली, मी काय उंदीर आहे?
निनाद झोपला होता, त्याचा घोरण्याचा आवाज खरा वाटला.

शुक्रवारी चहासाठी साखरेचा डबा उचलला
तर खाली फॉइल.
चुरगळलेली नाही.
नखाने सुरकुती न् सुरकुती सपाट केलेली,
चार कडा चार कडांवर,
बरोब्बर नोटेएवढी घडी.
वर चिकटपट्टी शाबूत,
त्यावर माझं नाव.

मी डबा होता तसा ठेवला.
कुणालाही काही बोलले नाही,
फक्त गाडीत बसल्यावर एकटीच हसले,
शेजारची संगमनेरची लता म्हणाली, काय गं?
म्हटलं, काही नाही, एक पेटी कमी भरली.

आज पुन्हा रविवार.
लाद्या पाच आणल्या.
पाव पंख्याखाली पसरले आहेत,
वाफ हळूहळू निघून चालली आहे.
पेपर हलला.
आडून आवाज आला,
"त्या चटणीत लसूण जरा जास्त होता."

मी म्हटलं, "हो का?"
आणि कोरी चिकटपट्टी
सहा ठिकाणी लावली.