तिसरा शुक्रवार

डुलुथच्या धक्क्यावर एकतीस वर्षं
तोइवो राउतिओनं जहाजांत लोहखनिज ओतलं.
त्यातलं थोडं गुडघ्यांत राहिलं, असं तो म्हणतो.

आता सकाळी सव्वाआठला टेबलाशी बसतो.
बशीत राईच्या पावाचा तुकडा, समोर पडदा,
पडद्यावर त्याचे सहाशे शेअर्स,
कंपन्यांच्या अल्प मुदतीच्या रोख्यांचा फंड:
एकोणऐंशी डॉलर एक्केचाळीस.
काल एकोणऐंशी चाळीस.
परवाही चाळीसच.
असं जनावर, की हंबरत नाही, शिंग उगारत नाही,
महिन्याच्या सुरुवातीला गुपचूप दूध देतं:
शेअरमागे सत्तावीस सेंट.

पण रिकाम्या हातांना खाज असते.

"ऐंशीला न्या," तो कुणाला तरी सांगतो,
"तिसऱ्या शुक्रवारपर्यंत केव्हाही न्या.
तोवर इसार म्हणून पाच सेंट ठेवा."
कुणाला सांगतो? ठाऊक नाही.
पलीकडे कोणी आहे का, तेही नीटसं कळत नाही.
घेणारा म्हणतो शून्य, देणारा म्हणतो पंधरा,
मधल्या ओसाड जागेत तोइवो आपलं पाच टाकून ठेवतो
आणि बर्फाला भोक पाडून बसलेल्या माणसासारखा
कॉफी पीत राहतो.
अकराच्या सुमारास दोरी हलते.
सहा करार. तीस डॉलर.
दलालाचे तीन डॉलर नव्वद.
सव्वीस डॉलर दहा सेंट
तो पेन्सिलीनं वहीत लिहितो, लेम्पीच्या वहीत.

लेम्पी टेकडीवरच्या केअर होममध्ये असते.
बेकरीचे हिशेब तिनं चाळीस वर्षं सांभाळले,
आता त्याला कधी भाऊ समजते, कधी पोस्टमन.
पण आकडा सांगितला की मान वर होते.
"सव्वीस दहा," तो म्हणतो.
"कशाचे?"
"न जाणाऱ्या वस्तूच्या जाण्याचे."
ती हसते. दर महिन्याला हसते.
त्या हसण्यासाठीच तो विकतो, असं मी म्हणेन;
तो म्हणेल, पैसे पैसे असतात.

मेच्या अखेरीस कुजबुज उठली, व्याजदर उतरणार.
कधी न हलणारं जनावर
चार पावलं चाललं: ऐंशी डॉलर बारा.
तोइवो निर्धास्त. तिसरा शुक्रवार लांब आहे.

सोमवारी, एक जूनला, सरोवरावर धुकं.
पुलाचा भोंगा वाजत होता आणि पूल दिसत नव्हता.
पडद्यावर शेअर्सच्या जागी रोकड:
अठ्ठेचाळीस हजार.
लाभांशाच्या आदल्या रात्री कोणीतरी येऊन
सगळं घेऊन गेलं होतं, ठरल्या भावानं, कायद्यानं,
दुधासकट.

हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये म्हणतात.
पण इथे पळालं ते हातचंच.
तो तर खुर्चीतून उठलाही नव्हता.

पेन्सिल. दूध काढून झाल्यावर भाव एकोणऐंशी पंच्याऐंशी.
ऐंशीला गेले, पंच्याऐंशीला परत घेतले तर पंधरा आपले.
इसाराचे पाच आपले. लाभांशाचे सत्तावीस त्यांचे.
सात सेंट गुणिले सहाशे.
बेचाळीस डॉलर, आणि दलाल वेगळा.
बेरीज दोनदा केली. लेम्पी तीनदा करायची.

दुपारी तिला सांगितलं. ती हसली नाही.
"रात्री आला होता?"
"रात्री."
"दार वाजवलं?"
"नाही."
ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.
"बाहेर एवढं गार, तोइवो.
त्याला काही खायला तरी दिलंस?"

तोइवो. नाव घेतलं तिनं.
मार्चपासून घेतलं नव्हतं.

मंगळवारी त्यानं सहाशे परत घेतले.
ऐंशीचा कॉल, जुलैचा. घेणारा शून्य, देणारा अठरा.
सहाचा आकडा टाईप केलेला आहे,
बटणावर बोट आहे.
धुक्यात कुठेतरी पूल वर जातोय,
कॉफी गार होतेय.