खुर्ची थांबल्यावर

रास्ता पेठेत, दोन जिने चढून,
निलोफर अत्तार नावाची मुलगी
मला फिरत्या खुर्चीत बसवते, पट्टा आवळते,
डोळ्यांवर जाड काळा चष्मा चढवते.
"काका, मिनिटभर फिरवणार. डोळे उघडे ठेवा."

उघडेच आहेत, बाई. अंधाराकडे.

छत्तीस वर्षं भोसरीत लेथवर
शाफ्ट, बुश, पुली.
फिरणारं ते समोर, मी जागेवर:
एवढाच करार होता आमचा.

आधी कळतं, डावीकडे चाललोय.
मग हळूहळू तेही कळेनासं होतं.
"थांबली का?"
"नाही काका, फिरतेय तशीच."

आणि ती खरंच थांबवते
तेव्हा मी सुटतो गरगर, उजवीकडे,
मुठी दांड्यांवर, ढुंगण खुर्चीत, तरी.
तिच्या पडद्यावर म्हणे
माझी बुबुळं उड्या मारतात.

ती सांगते, कानात खोल तीन नळ्या असतात,
भाताच्या शितात मावतील अशा, वळलेल्या. त्यांत पाणी.
डोकं वळतं, पाणी मागं राहतं.
मग गाठतं डोक्याला, चालतं बरोबरीनं,
तेव्हा वाटतं, सगळं स्वस्थ.
डोकं थांबलं, की पाण्याला कोण सांगणार?

"कूलंटची बादली," मी म्हणतो.
"काय?"
दुधट पाण्याची बादली, कडीला धरून वळवली
की पत्रा फिरतो, दूध जागेवर.
पत्रा धरला, की दूध निघालं.
नव्या पोराला आमचा पहिला धडा हाच:
स्विच बंद म्हणजे चक बंद नव्हे,
पुरता थांबेस्तोवर हात घालायचा नाही.
वामन खैऱ्याचं बोट तिथंच गेलं.
अंगठ्याशेजारचं.

तिचं पेन जरा थांबतं.

शेवंता, माझी बहीण, फुगडी सुटली
की धपकन बसायची मातीत,
ओरडायची, "धरा रे कुणीतरी घराला!"
आम्ही हसायचो. नाटकी म्हणायचो तिला.
ती गेली त्याला सात वर्षं झाली.
मला हे आज कळतंय.

"घरी चक्कर कधी येते? झोपताना, की उठताना?"
उठताना. पहाटे पाचला.
रिटायर होऊन दोन वर्षं झाली,
पण पाय अजून पहिल्या पाळीच्या चपला शोधतात,
आणि कूस बदलली
की पंखा, माळा, ट्यूबलाइट, सगळं निघतं.

"दहा मिनिटं बसा बाहेर. लगेच जिना नको."

बसतो. खाली रिक्षावाले भांडतायत सुट्ट्यांवरून.
भिंतीवरचं कॅलेंडर
थोडं सरकतं, परत येतं,
थोडं सरकतं.

मी त्याला हात लावत नाही.