दुरुस्तीचा अर्ज

चव्वेचाळीस सालचं रजिस्टर
वाळवीनं एका कोपऱ्यातून वाचत आणलंय.
पोलंडची दानूता नाकाला रुमाल न लावता वाकली.
दुभाष्या म्हणून सतारीच्या दुकानातला मुबीन,
हाताला अजून भोपळ्याचा भुसा.

मुलीचे नाव : मिरजवा.
बाप : लढाईवर.
जात : गोरे.
राहणार : वळिवडे छावणी, हल्ली मिशन दवाखाना, मिरज.
शेरा : मूल रडत नाही.

दानूता आधी हसली, मग बराच वेळ हसली नाही.
आईचं नाव मिरोस्वावा.
मीर म्हणजे शांती, स्वावा म्हणजे कीर्ती.
फार जुनं, म्हणे. चर्च यायच्या आधीचं.
तेव्हा दोन शब्द जोडून
आईबाप मुलाच्या अंगावर एक इच्छा घालत,
थंडीत घोंगडं घालावं तशी.
या नावाची संत सापडेना, म्हणून छावणीतल्या पाद्रीनं
पुढं मारिया लावलं.
घरात ती मिरका.
लढाई चालू असताना
शांती असं नाव ठेवणारी बाई
मला डोळ्यांपुढं आणता येईना.

रेकॉर्डचे ठकार चष्मा पुसत म्हणाले,
हा स्वावा आपल्या 'श्रवस्'चा चुलतभाऊ.
ठकारांना सगळ्यांचे चुलतभाऊ माहीत.
त्या जुन्या कारकुनाला मात्र
कानात मिरज सोडून काही शिरलं नाही.
बरोबरच आहे. बाळ मिरजेचं.

मी दुरुस्तीचा अर्ज पुढं सरकवला.
मूळ नाव, सुधारित नाव, बदलाचे कारण.
तिनं मान हलवली. राहू दे, आईला आवडलं असतं.
मग माझ्या बिल्ल्याकडं बोट केलं.
एन. बी. जगदाळे.
एन म्हणजे काय?

मुबीन माझ्याकडं बघत राहिला.
त्याला माहीत आहे. ऑफिसात सगळ्यांना आहे.
माहेर माण तालुक्यातलं, पोरींवर पोर मी,
पाचवीला सटवाई येण्याआधीच
आजीनं ठेवलेलं : नकुसा.
मध्यंतरी साताऱ्याला सरकारनं
अशा पोरी गोळा केल्या,
पेढे वाटून नवी नावं दिली,
ऐश्वर्या, पूजा, काय काय.
तोवर माझ्या सर्व्हिस बुकाची
एकवीस पानं भरली होती.

'तिसरी,' मी म्हणाले.
मुबीननं तेवढंच सांगितलं.
दानूता खूश झाली. आकड्याचं नाव!
तीन बोटं वर करून तिनं
ते दोनदा म्हणून बघितलं. तीस-री. तीस-री.
माझं नाव इतक्या हौसेनं
कुणी घेतलं नव्हतं. आणि ते माझं नव्हतं.

नक्कल घेऊन ती गेली.
साडेपाचला ठकारांनी कपाटाला कुलूप लावलं.
कोरा अर्ज टेबलावर फडफडत होता.
पंख्यानं उडू नये म्हणून
मी त्यावर शिक्का ठेवला.